डिटॉक्स संपलं, पण केंद्र घेईना: मधले नऊ दिवस

दारू सुटून मला चौदा महिने झाले. त्यातले बारा महिने मी एका ख्रिस्ती निवासी केंद्रात काढले. तिथे दिवस कसा जायचा, असं सगळे विचारतात. पहाटेची प्रार्थना, बायबलचा अभ्यास, दुपारी श्रमाचं काम, संध्याकाळी कुणाची तरी साक्ष, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगणं. पहिले काही आठवडे फोन नाही. ते सगळं निभावलं. निभता निभत नव्हते ते आत जाण्याआधीचे नऊ दिवस.

डिटॉक्स, म्हणजे शरीरातून दारू उतरवण्याचा उपचार, रुग्णालयात झालं. शेवटच्या घोटानंतर सहा-सात तासांतच हात थरथरू लागले आणि दुसऱ्या दिवशी फिट आली. म्हणून आधीच सांगतो, रोज पिणाऱ्याने केंद्राच्या भरवशावर घरी एकदम दारू बंद करू नये. फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. त्यानंतरच्या दोन दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.

सातव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. बॅग भरलेली होती. केंद्रात फोन केला, तर कळलं की फॉर्म परत आलाय. छातीचा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, आमच्या चर्चच्या पाळकांचं पत्र, सगळं जोडलं होतं. एकच रकाना कोरा होता, ‘गुंगीची औषधे पूर्ण बंद झाल्याची तारीख’. माझ्या डिस्चार्ज कार्डावर तर त्याच गोळ्या हळूहळू कमी करत आणखी पाच दिवस घ्यायला लिहिलं होतं.

पलीकडचा माणूस म्हणाला, ‘‘मग आजच बंद करा आणि उद्या या.’’

त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही. मी घाबरलेला होतो, केंद्रात जायला उतावीळ होतो. त्याचं ऐकलंच असतं. आईने डॉक्टरांना फोन लावला म्हणून थांबलो. या गोळ्या फिट येऊ नये म्हणूनच असतात, त्या मनाने तोडायच्या नसतात.

गोळ्या पूर्ण बंद झाल्याशिवाय प्रवेश नाही, हा नियम चुकीचा नव्हता. अशा केंद्रांच्या कामाचं मूळ दवाखान्यात नाही. डेव्हिड विल्करसन या पाळकांनी 1958 साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या मुलांमध्ये काम सुरू केलं आणि त्यातून टीन चॅलेंज हे व्यसनमुक्तीचं ख्रिस्ती काम उभं राहिलं. सोबत राहणं, प्रार्थना, शिस्त हा त्याचा गाभा. अशा पुष्कळ केंद्रांत रात्री डॉक्टर नसतो, मग फिट येणाऱ्या माणसाला ती कशी सांभाळणार? पण हे आम्हाला पहिल्याच फोनवर सांगायला नको होतं का? डिटॉक्सची तारीख आम्ही त्या हिशोबाने घेतली असती.

पाच दिवसांनी गोळ्या संपल्या. तर फॉर्मवर सही करणारे डॉक्टर रजेवर! आणखी चार दिवस गेले. आई माझ्या खोलीच्या दाराला लागून अंथरूण टाकायची. रात्री दोनला मी उठलो की तीही उठून बसायची, विचारायची काही नाही. पाळक रोज संध्याकाळी फोनवर बायबलमधलं स्तोत्र 40 वाचायचे. चिखलातून वर काढणारा देव सगळ्यांना आठवतो, पण त्या स्तोत्राची सुरुवात वाट पाहण्याने होते, हे मला तेव्हाच नीट ऐकू आलं. त्या नऊ दिवसांत मी प्यायलो नाही. याचा मला बारा महिन्यांपेक्षा जास्त अभिमान आहे.

तेव्हा आधी केंद्राचा फॉर्म हातात घ्या आणि तो घेऊनच डिटॉक्सला जा. गोळ्यांचा शेवटचा दिवस आणि केंद्राची तारीख डॉक्टरांकडून एकत्र ठरवून घ्या. सही कोण करणार आणि ते कधी असतात, हेही तेव्हाच विचारा.

गर्दवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. बुप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन, म्हणजे गर्दची तलफ आवरणारं औषध, चालू असेल तर काही ख्रिस्ती केंद्रं घेतच नाहीत, म्हणून हे पहिल्या फोनवरच विचारा. प्रवेशासाठी ते औषध परस्पर सोडू नका. डिटॉक्सनंतर शरीराची सवय मोडलेली असते. मधल्या दिवसांत कुणी पूर्वीइतकाच डोस घेतला, तर तेवढ्यानेच जीव जाऊ शकतो. त्या दिवसांत त्याला एकटं ठेवू नका.

आणि डिस्चार्ज कार्डाच्या दोन प्रती काढा. माझी एकच होती, ती फॉर्मबरोबर गेली. गोळ्या कमी करण्याचं वेळापत्रक मग आईने डॉक्टरांना फोनवर विचारून कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं होतं.