काल्पा, रात्री आठ

"डोंगर काय पळून चाललाय का? मग पहाटे चारला कशाला उठायचं?"

चहाचे कप ठेवता ठेवता आत्यानं विचारलं. समोर हिमाचलमधल्या स्पितीच्या ट्रिपचा कागद पसरलेला. सगळे हसले, मीही. पण प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून रात्री नकाशा उघडला.

काल्पा हे वाटेतलं गाव. तिथून किन्नर कैलास हा डोंगर पूर्वेला दिसतो. सूर्य त्याच्या पाठीमागून वर येतो. म्हणजे पहाटे थंडीत कुडकुडत उभं राहायचं आणि समोर नुसती काळी रेघ. शिखरांवर सोनेरी ऊन येतं ते मावळतीला. आणि आमच्या कागदावर सुबक अक्षरात लिहिलंय: 'काल्पा, रात्री आठ. जेवण.'

पुढंही तेच. नाको, काझा, चंद्रताल तलाव, मनाली; रोज नवा मुक्काम. राजमा-चावल कुठं खायचा ते ठरलंय, निवांत थांबायचं कुठं ते नाही. आपलं सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर, चंद्रताल 4,200 च्या वर. शरीराला सवय व्हायला एखादा दिवस नको? थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर मान टाकते म्हणून ती आतल्या खिशात ठेवायची, एवढी काळजी आम्ही घेतली. माणसांचं कुणी बघितलंच नाही!

सकाळी ग्रुपवर टाकलं, काल्प्याला दोन रात्री राहू, एक मुक्काम कमी करू.

लगेच उत्तर: "मग चंद्रताल सोडायचं का बे? लोकांना काय दाखवायचं?"

तुम्ही काय सोडलं असतं?