बांदा बेटं : ६४० मीटरची ‘टेकडी’ आणि न येणारी बोट

“टेकडीच आहे हो, तुमच्यासारख्यांना तासभर पुरेल.” हे ज्यांनी मला ऐकवलं त्यांनी तो डोंगर फक्त होडीतून पाहिला होता, हे मला परत आल्यावर कळलं.

गुनुंग आपी म्हणजे आगीचा डोंगर. इंडोनेशियाच्या मालुकू प्रांतात, बांदा बेटांच्या घोळक्यात समुद्रातून थेट वर आलेला ज्वालामुखी. उंची ६४० मीटरच्या आसपास. आकडा वाचून आम्ही तिघी चक्क हसलो होतो. कळसूबाई १६४६ मीटर, आणि ती आम्ही किती वेळा केली याचा हिशोब नाही. इथेच गंडलो. कळसूबाईचा आकडा समुद्रसपाटीपासूनचा. पायथ्याच्या बारी गावात उतरतो तेव्हाच त्यातला मोठा वाटा एसटीने चढून झालेला असतो. इथे होडीतून पाय खाली ठेवला की तुम्ही शून्यावर. सगळेच्या सगळे ६४० मीटर आपल्या पायांनी, आणि वाट वळणं घेत नाही. सरळ वर जाते, शंकूच्या कडेने, जणू कुणी पट्टी लावून आखली आहे.

डोंगराकडे परत येतेच. आधी तिथे पोचायचं कसं ते, कारण बरेच जण तिथेच चुकतात.

बांदा म्हटलं की आपल्याला सावंतवाडीपलीकडचं बांदा आठवतं. घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मग येताना काजू आण.” हे बांदा मालुकूची राजधानी अंबोनपासून सुमारे २०० किलोमीटर समुद्रात आहे. मुंबईहून जकार्ता थेट विमान, जकार्ताहून रात्रीचं विमान पकडून सकाळी अंबोन. भारतीयांना विमानतळावर उतरल्यावर मिळणारा तीस दिवसांचा व्हिसा चालतो. आम्ही गेलो तेव्हा ५ लाख रुपिया. आकड्याने घाबरू नका, २० हजार रुपिया म्हणजे ढोबळमानाने आपले शंभर रुपये. बांदाचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास. अंबोनमध्ये नोटा काढून घ्या, भरपूर. बांदा नेइरा या मुख्य बेटावरच्या एटीएमने आम्हाला तीन दिवस तोंडही दाखवलं नाही, आणि कार्ड कुणी घेत नाही.

अंबोनहून पुढे तीन पर्याय. दहा-बारा जणांचं छोटं विमान; सामानाच्या वजनाला कडक, आणि हवा बिघडली की रद्द. तुलेहू बंदरातून सुटणारी जलद बोट, सहा तासांच्या आसपास. आणि मोठं प्रवासी जहाज, जे दोन आठवड्यांतून एखाद-दोन वेळा येतं, रात्रभर चालतं आणि ज्याचं वेळापत्रक म्हणजे एक प्रामाणिक इच्छा असते. समुद्र शांत असतो तो मार्च-एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जून ते ऑगस्ट पूर्वेचा वारा, जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेचा. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत बसतंय म्हणून ओढून-ताणून जून गाठायला जाऊ नका. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो, समुद्र काचेसारखा होता, तरी फसलो. ते शेवटी सांगते.

आता डोंगर.

नेइरा बेटाच्या धक्क्यावरून होडीने पाच-दहा मिनिटांत समोर. पहाटे चारला निघालो, सहाच्या सुमारास उजाडतं. वाटाड्या घ्याच. वाट चुकण्यासारखी नाही, पण उतरताना कुठल्या बाजूला भरवशाची मुळं आहेत आणि कुठली हातात येतात, हे त्यालाच ठाऊक. आमचा वाटाड्या रबरी चपलांत होता. ते बघून बूट खोलीवर ठेवायचा मोह होईल, ठेवू नका.

पहिला टप्पा झाडीतला. चढ उभा, पण मुळं, फांद्या, खोडं धरत जाता येतं. घाम इतका की हेडलँपची पट्टी पिळावी लागली. इथपर्यंत आम्ही ‘ठीक आहे, नाळेतून चढतोय समजा’ म्हणत होतो. मग झाडी विरळ होते आणि सुरू होतो घसारा.

घसारा आपल्याला नवीन नाही. पण आपल्याकडे घसाऱ्याचा पॅच असतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, शिव्या घालत पार करायचा आणि वर बसून चिक्की खायची. इथे घसारा हाच डोंगर आहे. मुठीएवढे, नारळाएवढे हलके, काटेरी, काळे-तांबडे दगड, खाली सुटी राख. दोन पावलं वर, एक पाऊल खाली. धरावं तर झुडपं, आणि तीही निम्मी उपटून हातात येणारी. दगड धारदार, तळहात सोलवटतात. चढायला आम्हाला पावणेतीन तास लागले, तासभर म्हणणाऱ्याचं नाव मी इथे घेत नाही एवढंच.

माथ्यावर जमीन गरम आहे. बसलात तर उठाल. फटींतून वाफ येते, गंधकाचा वास. खाली नेइरा, तिची छोटी धावपट्टी, पलीकडे लोंथोर बेटाचा चंद्रकोरीसारखा डोंगर, लांब आय आणि रुन ही बेटं. मी रडले. थकल्यामुळे की दिसलं त्यामुळे, सांगता येणार नाही.

आणि मग उतरणं. चढताना निदान तोंड डोंगराकडे असतं. उतरताना समोर फक्त समुद्र, आणि पायाखालचं सगळं चालायला लागलेलं. आम्ही बूड टेकवून उतरलो. तीन ट्रॅकपँटपैकी दोन कायमच्या गेल्या. सगळ्यात मोठी चूक अशी की आम्ही एकीमागे एक, गप्पा मारण्याच्या अंतरावर उतरत होतो. माझ्या पायाने सुटलेला दगड माझ्या मैत्रिणीच्या पोटरीला लागला. मी “दगड!” ओरडले, पण ती वळून बघेपर्यंत तो पोचला होता. हाड वाचलं. पुढचे चार दिवस ती लंगडत होती आणि मला ऐकवत होती. तेव्हा एकाच रेषेत उतरू नका. तिरके, एकमेकींच्या डाव्या-उजव्या बाजूला राहा. एखादी थांबली तर सगळ्यांनी थांबा. उतरायला अडीच तास. पाणी माणशी तीन लिटर, वाटेत एक थेंब मिळत नाही. आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर जाऊ नका, वाटाड्या हो म्हणाला तरी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी नाही. ज्यांनी सह्याद्रीत उतरताना कुणाचा तरी हात मागितला आहे त्यांनीही नाही. बाकीच्यांनी? खाली पोचल्यावर मी ‘कुणीच नाही’ म्हणाले होते. आज विचाराल तर जा.

ज्यांना चढायचं नाही त्यांनी याच डोंगराच्या कडेला पाण्यात उतरावं. १९८८ मध्ये उद्रेक झाला तेव्हा लाव्हा थेट समुद्रात गेला, आणि त्यावर प्रवाळ इतक्या झपाट्याने वाढलं की अभ्यासकही चक्रावले. टेबलासारखी पसरलेली प्रवाळं, किनाऱ्यापासून हाताच्या अंतरावर. मास्क आपला न्या. तिथला भाड्याचा मास्क म्हणजे डोळ्यांत मीठ.

किल्ल्यांचं थोडं सांगते, कारण आम्ही मूळ त्यासाठी गेलो होतो. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं, पुढच्या वर्षी मलाक्का, आणि तिथून पाठवलेली पोर्तुगीज जहाजं १५१२ मध्ये बांदाला पोचली. कशासाठी, तर आपण पुरणात किसून घालतो त्या जायफळासाठी. तेव्हा जायफळ जगात फक्त या चिमूटभर बेटांवर पिकत होतं. मग डच आले. १६२१ मध्ये यान पीटरझून कून या डच गव्हर्नर जनरलने बेटं ताब्यात घेतली, चव्वेचाळीस स्थानिक प्रमुखांना भाडोत्री जपानी तलवारबाजांकरवी मारलं, आणि सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले फार थोडे लोक मागे उरले. बागा चालवायला मग गुलाम आणले. नासाऊ किल्ल्याच्या पडक्या भिंतींशी हे आठवतं तेव्हा हवा गार असली तरी बसवत नाही. जवळच परिगी रांते नावाची विहीर आणि स्मारक आहे, तिथे चप्पल काढून उभे राहा. फोटोसाठी हातवारे करणारी मंडळी तिथेही भेटली.

बेल्जिका मात्र बघाच. १६११ चा, पंचकोनी, आत पुन्हा पंचकोन आणि पाच गोल बुरूज. डागडुजी झाल्यामुळे जरा जास्तच नीटनेटका दिसतो. १८१० मध्ये मद्रासहून निघालेल्या इंग्रज तुकडीने वादळी हवेत, पहाटेच्या अंधारात शिड्या लावून तो घेतला. घोरपड-बिरपड काही नाही, साध्या शिड्या. इंग्रजांनी त्यांच्या ताब्याच्या काळात जायफळाची रोपं बाहेर नेली आणि इथली मक्तेदारी संपली. एक हजार रुपियाच्या नव्या नोटेवर बांदा नेइराचं चित्र आहे. आम्ही नोट हातात धरून जागा शोधत बसलो होतो.

नेइरावरच हत्तांचं घरही आहे. मोहम्मद हत्ता आणि सुतान शाहरीर यांना डचांनी १९३६ ते १९४२ इथे स्थानबद्ध ठेवलं होतं. पुढे एक उपराष्ट्राध्यक्ष झाले, दुसरे पंतप्रधान. हत्ता इथल्या मुलांना शिकवत.

लोंथोरला जायफळाच्या बागा. गावात जायला तीनशेच्या वर पायऱ्या, आदल्या दिवशी आपी केला असेल तर त्या मोजाव्या लागत नाहीत, गुडघे मोजतात. वर कनारीची, म्हणजे बदामासारख्या बियांची, प्रचंड झाडं, त्यांच्या सावलीत जायफळ. लांब काठीच्या टोकाला टोपली लावून फळ काढतात. काठीचं नाव गाय-गाय, यावर आम्ही दिवसभर हसलो. फळ उकललं की आत लालभडक जायपत्री. कोकणातल्या वाड्यांत जायफळ पाहिलेलं आहे, पण हा रंग इतका ताजा पाहिला नव्हता.

रुनची लूट. रुन म्हणजे ते बेट जे १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी डचांना सोडलं, आणि डचांनी मॅनहॅटनवरचा हक्क सोडला. एवढं ऐकल्यावर कोण जाणार नाही? हे होडीवालेही ओळखून आहेत. आम्हाला धक्क्यावर १५ लाख रुपिया सांगितले, घासाघीस करून १२ वर आणले आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कळलं, दुसऱ्या एका जोडप्याने त्याच दिवशी, तेवढ्याच होडीचे ८ दिले होते. त्यांच्या घरमालकिणीने ठरवून दिली होती. धक्क्यावर कधीच ठरवू नका. राहता त्या घराकडून ठरवा, डिझेल धरून किती ते आधी विचारा, आणि वाटेत आय बेटावर थांबण्याचे वेगळे पैसे नाहीत हे वदवून घ्या. सार्वजनिक होडी यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, पण ती सकाळी बेटांवरून नेइराच्या बाजाराला येते आणि दुपारी परत जाते. म्हणजे नेइराहून दिवसाची सहल तिने होत नाही. रुन किंवा आयला मुक्काम करावा लागतो. आम्ही दुसऱ्यांदा तेच केलं. आयवरचे दोन दिवस छान गेले. पोहलो, झोपलो.

शाकाहाऱ्यांसाठी : जगाल. कनारीच्या रसातलं वांगं, तेरोंग कनारी, इतकं चांगलं की भरल्या वांग्याची आठवण येऊन वाईट वाटलं नाही. टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, टोफू, भात, पालेभाजी. पण सांबाल म्हणजे मिरचीची चटणी समोर आली की विचारा. तिच्यात बहुधा सुकटीसारखं वाटलेलं तेरासी असतं. ‘तानपा इकान, तानपा तेरासी’, म्हणजे मासा नको, तेरासी नको, एवढं पाठ करा. जायफळाच्या गराचा मुरांबा घ्या, नाश्त्याला रोज तोच दिला तरी कंटाळा आला नाही. डास चावतात, या भागात हिवताप आहे; गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता परतीची बोट. काचेसारखा समुद्र, आकाशात ढग नाही, आणि सकाळी धक्क्यावर निरोप की इंजिन बिघडलं, आज नाही. उद्या? बहुतेक. उद्याही नाही. छोट्या विमानाची यादी भरलेली. आमचं अंबोन-जकार्ता तिकीट परतावा न मिळणारं होतं, तिघींचं गेलं. शेवटी मोठं जहाज मिळालं, तेही रात्री दोनला आलं. सगळं गाव धक्क्यावर, पोती, कोंबड्या, फणस, पोरं. सामान्य वर्गात ओळीने फोमच्या गाद्या; चादर आणि कुलूप आपलं ठेवा. तिघींपैकी एक कायम जागी, असं पाळी लावून झोपलो, पण शेजारच्या आजींनी आमच्या पिशव्यांवर आमच्यापेक्षा जास्त लक्ष ठेवलं.

तर आखणी अशी करा : बांदात सहा दिवस हवे असतील तर दहा धरा. शेवटचे चार परतीचे आहेत असं समजा. अंबोनहून पुढचं विमान बदलता येणारं घ्या, महाग पडलं तरी. आणि आपी पहिल्या दोन दिवसांत करा, पाय नंतर काय ते बघून घेतील.

राहिलं एक. हातमोजे. बागकामाचे, रबरी तळव्याचे. आमचे आम्ही डोंगर झाल्यावर अंबोनला परतताना घेतले, म्हणजे कशाला घेतले ते विचारू नका. तीन जोड घरात पडून आहेत, एकदाही न वापरलेले. कुणी जाणार असेल तर येऊन घेऊन जा.