गालिचा सुकला, सोफा अर्ध्यावर: ग्वाल्हेरहून नोंद

पावसाळ्यात गुंडाळून ठेवलेलं गालिचे-सोफे साफ करण्याचं काम दसऱ्यानंतर पुन्हा काढलं. ग्वाल्हेरात गालिचा धुवायचे महिने मोजकेच. मे-जूनमध्ये तो बघता बघता सुकतो, पण दुपारी आंधी उठली की ओल्या लवेवर (वरच्या बाजूच्या उभ्या धाग्यांच्या टोकांवर) धुळीचा थर बसतो. श्रावणात हवाच ओली. डिसेंबर-जानेवारीत धुकं दुपारपर्यंत हटत नाही. उरतो तो दसरा ते कार्तिक, आणि मग फेब्रुवारीची अखेर. त्यामुळे यंदा कामं थोडीच झाली, पण झाली ती नीट सुकली.

मुख्य काम घरच्या गालिच्याचं. सहा बाय नऊ फूट, लोकरीच्या गाठी, सुती ताणा (विणीतले लांबीचे धागे), लाल जमिनीवर मोतिया वेली, निळा काठ. आजोबा त्याला कायम ‘जेलचा गालिचा’ म्हणायचे. इथल्या तुरुंगात गालिचे विणले जात, हे खरंच आहे. जयविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमधला तो अवाढव्य गालिचाही कैद्यांनीच विणला असं सांगतात. पण आमच्या गालिच्याच्या पाठीवर ना शिक्का ना चिठ्ठी, आणि एका इंचात आडव्या नऊ, उभ्या दहा गाठी मोजून कुणी तुरुंगाचं नाव सांगू शकत नाही. २०२३ मध्ये ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून घरात त्याचा मान मात्र वाढलाय. पूर्वी त्यावर बसून शेंगा सोलत.

पाण्याआधी धूळ काढायची हे आपल्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे. किती काढायची, ते गालिचा पालथा घातल्याशिवाय कळत नाही. वरून व्हॅक्युम फिरवला तर लवेच्या टोकांवरची धूळ जाते. गाठींच्या बुडाशी बसलेली बारीक रेती तशीच राहते, आणि पाय पडेल तशी लोकर मुळाशी कापत राहते. म्हणून लव खाली, पाठ वर, खाली जुनी पांढरी चादर. पाठीवर तळव्याने थोपटायचं, मग पाठीवरूनच व्हॅक्युम, मग गालिचा उचलून चादर झटकायची, आणि चादर स्वच्छ निघेपर्यंत हेच पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते निम्म्याहून जास्त सफाई इथेच होते. निघालेली माती डब्यात भरून आत्याला दाखवली. तिला ती कुंडीतली वाटली. गच्चीच्या कठड्यावर टाकून बडवणं मुद्दाम टाळलं. जुना सुती ताणा कठड्याच्या धारेवर तुटतो, आणि तुटलेला ताणा दुरुस्त करणं हे धुण्याच्या दसपट काम.

इथल्या लष्कर नावाच्या भागात गालिचे धुणारे आणि रफू करणारे एक कारागीर आहेत, त्यांच्याकडे मी अधूनमधून जाऊन बसतो. त्यांचं म्हणणं, “पानी तो कोई भी डाल देगा, भैया, निकालेगा कौन?” त्यांच्या दुकानात धुण्याच्या हौदापेक्षा सुकवायची जागा मोठी आहे.

मग रंगाची परीक्षा. पांढरा सुती कपडा कोमट पाण्यात भिजवून लाल आणि निळ्या जागी वजनाखाली दहा मिनिटं दाबून ठेवला. निळा पक्का. लालने फिकट गुलाबी छटा सोडली. तेच पाण्यात थोडं व्हिनेगर घालून केलं, तर कपडा जवळजवळ कोराच निघाला. लोकरीवरचे बरेच रंग आम्लात घट्ट धरून राहतात आणि अल्कलीत सुटतात. तरीही लालाच्या शेजारी मोतिया वेल आहे, म्हणून हौदात बुडवणं रद्द. हातभर पट्टा घ्यायचा, धुवायचा, टिपायचा, मग पुढचा.

आत्याचा सल्ला होता, “अरे, पावडरीत भिजव नि टाक वाळत, आम्ही जन्मभर तेच केलं.” ती सतरंजीबद्दल बोलत होती, सुती सतरंजीला ते चालतं. धुण्याच्या पावडरीचा सामू (pH) दहाच्या आसपास असतो, शिवाय बहुतेकीत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. लोकर म्हणजे प्रथिनच. रक्ताचा डाग आणि गालिचा यांतला फरक त्या एन्झाइमला कळत नाही. मी रिठा वापरला. बिया काढून रात्रभर भिजवला, सकाळी उकळून दोनदा गाळला. त्याचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि बोअरच्या जड पाण्यातही साबणासारखी चिकट साय धरत नाही. तरी शेवटचं पाणी नळाचंच घेतलं, म्हणजे तिघऱ्याचं. (पुणेकरांसाठी: विश्वेश्वरय्यांनी आधी खडकवासल्याला बसवलेली स्वयंचलित दारं नंतर या तिघरा धरणालाही बसवली.) रिठ्याचं एकच वैगुण्य, त्याचा तपकिरी रंग सुती दशांवर चढतो. दशांना तो लागू न देता त्या शेवटी साध्या पाण्याने पुसल्या आणि सायट्रिक आम्लाचं अगदी पातळ पाणी फिरवलं. सुती दोरा हळूहळू सुकला की वरच्या टोकाला पिवळा पडतो, ते याने बऱ्यापैकी रोखलं जातं.

पाणी काढायला रबरी वायपर, तोही लवेच्या दिशेनेच, मग ओलं ओढणारा व्हॅक्युम. सुकवायला बाज. विणीतून खालूनही वारा लागतो, आणि टेबलफॅन बाजेखाली ठेवला की जमिनीवर सुकवण्यापेक्षा कितीतरी लवकर काम होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीवर हात फिरवला, गारवा लागला नाही. लाल कुठेही पसरलेला नाही. मोतिया रंग इतका उजळला की डाव्या कोपऱ्यातलं जुनं रफू आता दिसायला लागलंय.

आत्याचा सोफा हे वेगळंच प्रकरण. शिसवी, स्प्रिंगचा, जिवाजीगंजातल्या जुन्या घरातून आलेला. खालचं कापड थोडं उसवून टॉर्च मारला: स्प्रिंगा, गोणपाट, काथ्या, वर कापूस. काथ्या म्हटल्यावर पाणी बाद. ओल तिथवर पोचली की काथ्यातला तपकिरी रस सुकताना वर चढतो आणि कापडावर चहा सांडल्यासारखा उमटतो. शिवणीच्या आतून एक दोरा काढून जाळला: जळक्या कागदाचा वास, मऊ राख. म्हणजे सुती किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा). दोरा ओला करून ओढला, तुटता तुटेना. व्हिस्कोस ओलं झालं की लगेच सुटतं. म्हणजे सुती. सौम्य द्रावण रवीने घुसळून नुसता फेस घेतला, मऊ ब्रशने लावला, लगेच पांढऱ्या पंच्याने टिपला, पंखा. एक हात आणि पाठ झाली. बसायच्या गाद्यांना चेन आहे, म्हणून अभ्रे काढून मशीनला लावायचा आग्रह झाला. ती चेन गादी भरण्यासाठी असते. धुतलेला अभ्रा आटला की पुन्हा चढत नाही.

सोफ्यावर हळदीकुंकवातला एक डाग उरलाय. हळदीला साबण लागला की ती लाल होते, म्हणून तिथे साबण नाहीच. भोवती जाड कागद लावून तेवढाच ठिपका उन्हात ठेवतोय. रोज फिकट होतोय.

शेजारच्या वहिनींनी दिलेला गालिचा न धुता परत केला. पाठीला कापड चिकटवलेलं, दाबलं की खालून पांढरी पूड गळते. टफ्टेड आहे, म्हणजे गाठी न मारता लव कापडात टोचून लॅटेक्सने (रबरी चिकाने) चिकटवलेली, आणि तो लॅटेक्स सुटतोय. पाणी लावलं तर तो आणखी सुटेल आणि वास राहील तो वेगळाच. त्यांना फक्त कोरडा व्हॅक्युम सांगितला.

आमच्या गालिच्याला कपाटाखालच्या कोपऱ्यात कसर लागलेली सापडली, केसाळ अळीच्या रिकाम्या काती. जिवंत काही नाही. कडुनिंबाच्या पाल्यावर माझा विश्वास कमीच, डांबरगोळ्यांचा वास घरात नको. कपाटच हलवलं, कारण ही अळी अंधारात, कुणी हात लावत नाही अशा जागी वाढते. कोपऱ्यातली खाल्लेली लव भरायला लाल लोकर हवी आहे, जरा विटलेली. नवी लोकर फार भडक दिसते. जुन्या गालिच्याचे तुकडे कुणी विकत असेल, इंदूर-बडोद्याकडेही चालेल, तर कळवा.