पेशंट हलला की इमेजचं काय होतं (आणि किती सावरता येतं)

एमआरआयच्या कन्सोलवर बसणाऱ्या माणसाचं दिवसभराचं वाक्य एकच, "हलू नका". मावशी हलू नका, काका हलू नका, बाळा झालंच आता. आणि पेशंट बाहेर येऊन छातीठोकपणे सांगतो की मी हललोच नाही, आणि तो खोटंही बोलत नसतो, कारण ज्याला आपण हलणं म्हणतच नाही तेच मशीनला नडतं. आवंढा गिळला, पाय अवघडला म्हणून जरासा सरकवला, झोप लागून घोरायला लागला, झालं.

हे हललेल्या फोटोसारखं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. एमआरआयमध्ये चित्र थेट मिळतच नाही, आधी के-स्पेसचा डेटा (इमेज ज्या लहरींतून बनते त्यांचे कच्चे आकडे) एकेक ओळ करत भरला जातो आणि मग फुरिए ट्रान्सफॉर्म, म्हणजे लहरींवरून चित्र काढायचं गणित, लावून इमेज बनते. प्रत्येक ओळीत अख्ख्या इमेजची माहिती असते, त्यामुळे मधेच कोणी खोकलं तर खराबी एका कोपऱ्यात न राहता सगळीकडे पसरते. शिवाय एक ओळ वाचायला काही मिलिसेकंद पुरतात पण सगळ्या ओळी भरायला मिनिटं जातात, म्हणून माणूस कुठल्याही दिशेला हलू दे, घोस्ट (हललेल्या भागाच्या भुतासारख्या पुसट प्रती) दिसणार ते फेज एन्कोडिंगच्याच दिशेला, म्हणजे ज्या दिशेची माहिती ओळीमागून ओळ सावकाश भरते तिकडे.

हे डोक्यात बसलं की सॉफ्टवेअरशिवायही बरंच काही करता येतं. मानेच्या सॅजिटल (बाजूने दिसणारा उभा छेद) स्कॅनला फेजची दिशा पुढून-मागे ठेवली तर गिळल्याचे घोस्ट थेट स्पायनल कॉर्डवर येऊन बसतात, मग फेज डोक्याकडून पायाकडे फिरवायची आणि गळ्यावर सॅच्युरेशन बँड, म्हणजे तिथला सिग्नल दाबणारा पट्टा, टाकायचा (ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे चौकटीबाहेरचंही मोजणं, वाढवायला विसरलात तर बाहेरचा भाग इमेजवर दुमडून येतो ती दुसरीच भानगड). पोटात महाधमनीचा घोस्ट लिव्हरच्या डाव्या लोबवर पडतो आणि हुबेहूब गाठ वाटते. फेज बदलून बघा, घोस्ट जागा सोडतो, खरी गाठ सोडत नाही.

आता खरं करेक्शन. मला सगळ्यात आवडलेली आयडिया म्हणजे जेम्स पाइप यांनी १९९९ मध्ये मांडलेली प्रोपेलर. सीमेन्सच्या मशीनवर तिलाच ब्लेड म्हणतात, फिलिप्सवर मल्टिव्हेन. के-स्पेस सरळ ओळींनी न भरता पट्ट्यांनी भरायचा, प्रत्येक पट्टी मध्यावरून जाते आणि पुढची थोडी फिरवलेली असते. म्हणजे मधला भाग पुन्हा पुन्हा मोजला जातो, त्यावरून डोकं किती सरकलं किती फिरलं ते काढायचं, तेवढं परत जागेवर आणायचं आणि फारच बिघडलेल्या पट्टीला कमी वजन द्यायचं. वेळ जास्त लागतो, पण कंपवाताच्या आजोबांसाठी तो खर्च केलेला परवडतो. गंमत अशी की अॅक्सियल (आडव्या छेदांच्या) स्कॅनमध्ये आजोबांनी "नाही" म्हणून मान हलवली तर ती सावरता येते, कारण ती स्लाइसच्या, म्हणजे त्या एका छेदाच्या, आतच फिरते. "हो" म्हणून हलवली तर वेगळाच भाग स्लाइसमध्ये येतो, तिथे प्रोपेलरही हात टेकतं.

त्यावर उपाय म्हणजे स्कॅन चालू असतानाच पाठलाग करणं. मधेमधे छोटा नेव्हिगेटर (फक्त जागा बघायचा झटपट स्कॅन) घ्यायचा, डोकं कुठे गेलं ते बघायचं आणि स्लाइसच तिकडे वळवायची. अमेरिकेतल्या एबीसीडी स्टडीत (मुलांच्या मेंदूच्या वाढीचा मोठा अभ्यास) नऊ-दहा वर्षांच्या ११ हजारांवर मुलांना घेतलं, तिथे स्ट्रक्चरल (मेंदूची रचना दाखवणाऱ्या) स्कॅनला हेच वापरलं. त्या वयाच्या पोरांना गप्प झोपवणं काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. आणि हे नुसतं छान दिसण्यासाठी नाही हं, हललेल्या स्कॅनमध्ये ग्रे मॅटर (मेंदूचा करडा भाग) मोजलं तर ते असतं त्यापेक्षा कमी भरतं.

राहता राहिलं एआय. स्कॅन झाल्यावर धूसर इमेज द्यायची, स्वच्छ इमेज घ्यायची. डेमोत भारी दिसतं, पण अशी बरीच मॉडेल्स कॉम्प्युटरवर मुद्दाम हलवलेल्या इमेजवर शिकवलेली असतात आणि खरा पेशंट तसा ठरवून हलत नाही. जी माहिती गोळाच झाली नाही ती मॉडेल अंदाजाने भरणार, आणि त्या अंदाजात दोन-तीन मिलिमीटरचा डाग पुसला गेला तर कळणार कोणाला? माझं मत सरळ आहे, डेटा घेतानाच सावरा, आणि एआय लावायचंच असेल तर मूळ इमेजही रेडिओलॉजिस्टला सोबत पाठवा.

बाकी रोजचं काम चालूच. गुडघ्याखाली उशी, कॉइलमध्ये (डोक्याभोवतीचा सिग्नल पकडणारा साचा) डोक्याच्या दोन्ही बाजूंना पॅड, आणि अस्वस्थ पेशंट दिसला, त्यात स्ट्रोकची शंका असली, की आधी डिफ्यूजन (ताजा स्ट्रोक दाखवणारा स्कॅन) उरकून घ्यायचं, कारण त्यात एकेक स्लाइस सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास येते आणि पुढे पेशंट उठून बसला तरी डॉक्टरांना लागणारी मुख्य गोष्ट हातात असते.