चौथीतल्या मुलीसाठी गणिताचा वर्ग शोधताना

गेल्या हंगामात कापसाची दुसरी वेचणी चालू असताना एका संध्याकाळी काट्यावर चार गाठोडी मोजून झाली: ३४, ४१, २८ आणि ३७ किलो. चौथीत शिकणारी माझी मुलगी वही घेऊन शेजारी उभी होती. मी शेवटचा आकडा उच्चारतो न उच्चारतो तोच तिने हवेत बोटे हलवून १४० असे उत्तर सांगितले. तालुक्याच्या गावी अबॅकसच्या, म्हणजे मण्यांच्या पाटीवर हिशेब शिकवणाऱ्या, वर्गाला जायला लागून तिला तेव्हा तीन महिने झाले होते, त्यामुळे फी सत्कारणी लागली असे वाटून मी खूश झालो. मग तिला म्हणालो, की प्रत्येक गाठोड्याच्या फडक्याचे अर्धा किलो धर आणि निव्वळ कापूस किती तो सांग. तिची बोटे थांबली. बराच वेळ विचार करून तिने मलाच विचारले, "बाबा, पण वजा किती करू?" वेचणीला आलेल्या एक आजीबाई, ज्यांनी शाळेची पायरी चढलेली नाही, फडके झटकता झटकता म्हणाल्या, "चार गाठोडे हायेत न माय, अर्धा-अर्धा मंजे दोन किलो गेले. एकशे अडतीस ऱ्हायले."

मुलगी हुशार आहे, आणि वर्गातही तिला काही चुकीचे शिकवले गेले नव्हते. वर्ग निवडताना आपण नेमके काय विकत घेत आहोत हे मीच पाहिले नव्हते.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे. इथे निवड करायची म्हणजे आधी एसटीची वेळ पाहायची, मग फी आणि सर्वांत शेवटी शिकवण्याची पद्धत. चौथीतल्या मुलीला एकटीने पाठवता येत नाही, म्हणजे घरातल्या एका माणसाची अर्धी दुपार जाते, आणि वेचणीच्या दिवसांत ती अर्धी दुपार फीपेक्षा महाग पडते. म्हणून पुष्कळ पालक जवळ जो वर्ग असेल त्यात नाव घालून मोकळे होतात. मीही तेच केले होते.

अबॅकसच्या पाटीवर प्रत्येक दांडीला वर पाचाचा एक मणी आणि खाली एकाचे चार मणी असतात. आठमध्ये सात मिळवायचे असतील तर त्याच दांडीवर सात मणी मावत नाहीत. म्हणून शेजारच्या दांडीवर दहाचा एक मणी चढवायचा आणि या दांडीवरून तीन काढायचे, कारण सात आणि तीन मिळून दहा होतात. हे 'कारण' मुलाला उमजले तर दशमान पद्धत त्याच्या बोटांत उतरते, आणि म्हणून हे साधन मला आजही आवडते. पण वर्गात वेग मोजला जात होता. सातचा मित्र तीन, आठचा मित्र दोन, हे पाठ झाले की पुढची लेव्हल मिळत असे, आणि तीन का काढले हा प्रश्न कोणी विचारत नसे.

दुसरी अडचण आमच्या भाषेची होती आणि ती माझ्या फार उशिरा लक्षात आली. वर्गात आकडे इंग्रजीत सांगितले जात. तिची शाळा जिल्हा परिषदेची, मराठी माध्यमाची. मराठीत 'पंचेचाळीस' म्हणताना पाच आधी येतात आणि चाळीस नंतर, तर पाटीवर आधी दशकाची दांडी हलवायची असते. 'एकोणतीस' तर आणखी अवघड, कारण त्यात वीसही ऐकू येत नाही आणि नऊही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले तेव्हा राज्यभर थट्टा झाली, आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका पुन्हापुन्हा समजावून सांगितली. मीही तेव्हा चहाच्या टपरीवर हसलो होतो. मुलगी ५४ ऐकून ४५ मांडू लागली तेव्हा ते हसणे आठवले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वैदिक गणिताचा पंधरा दिवसांचा वर्ग निघतो. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १९६५ साली, प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातल्या या युक्त्या आहेत. त्यातली सूत्रे उपलब्ध वैदिक ग्रंथांत सापडत नाहीत, तेव्हा नावाने भारावून जाण्याचे कारण नाही. ९७ गुणिले ९६ करताना शंभराला तीन आणि चार कमी, ९७ मधून चार गेले ९३, तीन चोक बारा, उत्तर ९३१२, हे पाहून मुले हरखतात. मात्र शंभराच्या जवळचे आकडे सोडून ५३ गुणिले २७ दिले की ती युक्ती सोयीची राहत नाही. गंमत म्हणून ठीक आहे, त्यासाठी वेगळी फी भरावी असे मला वाटत नाही.

नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणाऱ्या वर्गांचे आकर्षण खेड्यात सर्वांत जास्त आहे आणि ते समजण्यासारखे आहे, कारण तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण त्या परीक्षेतल्या ८० प्रश्नांपैकी अंकगणिताचे फक्त २० असतात आणि बुद्धिमत्तेचे ४०. ही परीक्षेची तयारी आहे. तिला गणिताची गोडी लावणारा वर्ग समजून तिसरी-चौथीपासून मुलांना पर्यायांवर गोल करायला बसवू नये.

त्या संध्याकाळनंतर मी चार ठिकाणी जाऊन मागच्या बाकावर बसलो आणि एकच गोष्ट पाहिली: मुलाचे उत्तर चुकले की शिकवणारा काय करतो. तीन ठिकाणी बरोबर उत्तर सांगून पुढचे गणित दिले गेले. चौथ्या ठिकाणी, म्हणजे शेजारच्या गावात स्वतःच्या ओसरीवर आठ मुलांना शिकवणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे, एका मुलाने २५ चिंचोके सहा जणांत वाटून 'पाच-पाच' असे सांगितले. गुरुजी चूक म्हणाले नाहीत. "वाटून दाखव," एवढेच म्हणाले. सहाव्या मुलाच्या ओंजळीत काहीच पडले नाही तेव्हा सगळी ओसरी हसली, आणि त्या मुलाने सगळे चिंचोके परत गोळा करून प्रत्येकाला चार-चार दिले व उरलेला एक स्वतःच्या खिशात घातला.

आता मुलगी शनिवार-रविवार सायकलवर माझ्या मागे बसून तिथे जाते. प्रमाणपत्र नाही, लेव्हल नाही, आणि बेरजेचा वेग खरोखरच थोडा कमी झाला आहे, हे मान्य करतो. गुरुजींनी तिला सध्या पाढ्यांनंतर निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, पाठ करायला दिली आहे. गेल्या आठवड्यात काट्यावर पाच गाठोडी होती. मी सांगण्याआधीच तिने बेरजेखाली 'फडके' असे लिहून त्यापुढे 'अडीच' मांडले आणि मग म्हणाली, की एक फडके ओले आहे, त्याचे अर्ध्या किलोपेक्षा जास्त धरावे लागेल.