नाताळच्या नाटकात मरीया गप्प का असते?

नाताळच्या बहुतेक नाटुकल्यांत मरीयेचा नवरा योसेफ बोलतो, धर्मशाळेचा मालक बोलतो, पूर्वेकडून आलेले ज्ञानी, म्हणजे मागी लोक तर लांबलचक संवाद म्हणतात. येशूची आई मरीया मात्र डोक्यावर निळी ओढणी घेऊन बाहुलीकडे बघत बसते. बायबलमधल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या जीवनकथेत, नेमकं उलटं आहे. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्द नाही. धर्मशाळेचा मालक हे पात्रच नाही; जागा नव्हती एवढंच शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो. बोलतात त्या मरीया आणि तिची नातेवाईक अलीशिबा. ख्रिस्तजन्माच्या कथेत स्त्रीचा मान कशात आहे असं विचारलं, तर माझं उत्तर हेच: तिला विचारलं जातं, ती बोलते आणि तिचं बोलणं कथा पुढे नेतं. संहिता लिहिताना पहिली कात्री नेमकी त्यावरच चालते.

लूकचा पहिला अध्याय दोन प्रसंग शेजारी-शेजारी ठेवतो. तुला मुलगा होईल असं ऐकल्यावर मंदिरात धूप जाळणारा वृद्ध याजक, अलीशिबेचा नवरा जखऱ्या देवदूताला विचारतो, हे मी कशावरून खरं मानू? तो मुका होतो. नासरेथची, वाङ्‌निश्चय झालेली मरीया, तिलाही मुलगा होईल असं सांगितल्यावर, विचारते, हे कसं होईल? तिला नीट समजावून सांगितलं जातं. याजकाला शिक्षा आणि गावातल्या मुलीला उत्तर, ही मांडणी सहज झालेली नाही. बसवताना चूक अशी होते की मरीया पहिल्यापासून हात जोडून गुडघ्यांवर असते. लूकमधला क्रम वेगळा आहे: ती गोंधळते, या अभिवादनाचा अर्थ काय असावा याचा विचार करते, प्रश्न विचारते आणि शेवटी होकार देते. होकार मिळाल्यावरच देवदूत निघून जातो. त्यामुळे गब्रीएल या देवदूताचं शेवटचं वाक्य आणि मरीयेचं उत्तर यांच्यामध्ये थांबा हवा. तिला ‘नाही’ म्हणता आलं असतं असं प्रेक्षकाला वाटलं नाही, तर होकाराला किंमत राहत नाही.

मग ती यहूदियाच्या डोंगराळ भागात अलीशिबेकडे जाते. हा प्रसंग वेळेअभावी सर्रास गाळला जातो आणि माझ्या मते कथेचं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. घरचा पुरुष मुका आहे आणि दोन गरोदर बायका बोलताहेत. अलीशिबेला सहावा महिना आहे, पोटातलं बाळ उसळी मारतं आणि त्यावरून ती ओळखते की समोर कोण आलं आहे. येशूला पहिल्यांदा ‘प्रभू’ म्हणून ओळखणारी ही गरोदर बाई. ओळखीचा पुरावा काय, तर पोटातली हालचाल, जी फक्त आईलाच कळते. ती मरीयेला धन्य म्हणते ते पोटातल्या बाळामुळे, आणि लगेच पुढे तिच्या विश्वासामुळेही. हा दुसरा भाग विसरायचा नाही, कारण त्याशिवाय बाईचा मान कुशीपुरताच उरतो.

मरीयेचं स्तोत्र, लूक 1:46 ते 55, फक्त दहा वचनांचं आहे. मोठ्यानं म्हणायला दोन मिनिटंही लागत नाहीत. तरी नाटकात पहिली दोन-तीन वचनंच येतात, ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’ आणि पुढे टाळ्या. खरी धार नंतर आहे: अधिपतींना आसनांवरून खाली ओढलं, भुकेल्यांना तृप्त केलं, धनवानांना रिकाम्या हाती लावून दिलं. जुन्या करारात शमुवेलाच्या आईनं, हन्नेनं, गायलेल्या गीताचा (1 शमुवेल 2) हा सरळ वारसा आहे. पाठांतर कमी करायचंच असेल तर मागी लोकांचे संवाद कापा. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांचा एकच प्रश्न आहे.

प्रत्यक्ष जन्म लूक एका वचनात उरकतो, पण त्यातल्या तिन्ही क्रिया मरीयेच्या आहेत: तिनं मुलाला जन्म दिला, बाळंत्यानं गुंडाळलं, गव्हाणीत ठेवलं. त्या काळी नवजात बाळाचं काय-काय करत, ते जुन्या करारातल्या यहेज्केल 16:4 मधून कळतं: नाळ कापणं, पाण्यानं धुणं, अंगाला मीठ चोळणं, मग कापडात गुंडाळणं. पुढे मेंढपाळांना देवदूत खूण सांगतो ती कोणती? बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं बाळ. म्हणजे तारणाऱ्याला ओळखायची खूण म्हणून देवदूत आईनं नुकतंच केलेलं काम सांगतो. म्हणून बाहुली आधीच गुंडाळून कोपऱ्यात ठेवू नका. कापडाच्या लांब पट्ट्या घ्या आणि मरीयेला प्रेक्षकांसमोर त्या गुंडाळू द्या. घाईनं गुंडाळलं की पट्ट्या सुटतात. शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खोचायचं.

चाळीस दिवसांनंतर मंदिरात जायचं. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 12व्या अध्यायाप्रमाणे मुलगा झाला तर आईच्या शुद्धीकरणाचे 7 आणि 33 असे 40 दिवस, मुलगी झाली तर दुप्पट, 80. हा भेद झाकण्यात अर्थ नाही. कथा त्याच चौकटीत घडते. अर्पण एक कोकरू आणि एक पक्षी; ऐपत नसेल तर फक्त होल्यांची किंवा पारव्यांची जोडी. लूक जोडीचाच उल्लेख करतो, म्हणजे घर गरिबाचं.

मत्तय योसेफाच्या बाजूनं सांगतो, तरी वंशावळीत त्यानं तामार, राहाब, रूथ आणि ‘उरीयाची बायको’ आणल्या आहेत. सारा, रिबका, राहेल या मानाच्या माता तिथे नाहीत. ज्यांच्याबद्दल लोक कुजबुजले असते त्या आहेत, आणि लग्नाआधी गरोदर राहिलेली मरीया त्यांच्याच रांगेत येते. ‘अमक्याला तमका झाला’ हा ठेका 1:16 मध्ये मोडतो: योसेफाला येशू झाला असं न म्हणता, मरीयेपासून येशू जन्मला असं तो लिहितो. वाचणाऱ्यानं तिथे वेग कमी करावा. दुसऱ्या अध्यायात ‘बालक आणि त्याची आई’ ही जोडी पाच वेळा येते. त्याच अध्यायात हेरोद राजानं मारलेल्या मुलांसाठी रडणारी राहेलही आहे. लहान मुलांच्या नाटकात कत्तल दाखवू नये, पण राहेलीच्या रडण्याचं यिर्मया संदेष्ट्याचं ते एक वचन कुणीतरी वाचावं. आईच्या गौरवाच्या या कथेत ज्यांची मुलं वाचली नाहीत त्यांनाही मत्तयानं जागा दिली आहे.

आणि हन्ना. शमुवेलाच्या आईहून वेगळी, मंदिरातली ही संदेष्ट्री सात वर्षं संसार करून विधवा झालेली; 84 हा आकडा तिच्या वयाचा की वैधव्याच्या वर्षांचा, यावर दोन वाचनं आहेत. तिला मूल असल्याचा उल्लेख नाही, म्हणजे मान फक्त आईलाच असं लूक मानत नाही. मात्र मंदिरात बाळाला हातांत घेणाऱ्या शिमोनाचं गीत तो पूर्ण देतो आणि हन्नेचे शब्द देत नाही, हे मला खटकतं. तरी यरुशलेमच्या मुक्तीची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना ती बाळाबद्दल सांगत होती, असं तो स्पष्ट लिहितो. ही भूमिका मुलीला पांढरा विग घालून देण्यापेक्षा मंडळीतल्या एखाद्या आजींना द्या. पाठांतर काहीच नाही. त्यांनी रंगमंचावरून खाली उतरून रांगांमधून फिरत, एकेकाशी स्वतःच्या शब्दांत बोलायचं.