ते लिबलिबीत हलणं

रात्रीचा दीड वाजलाय. झोप उडालीये आणि कारण इतकं फालतू आहे की कुणाला सांगायचीपण लाज वाटते.

संध्याकाळी आप्पांचा फोन. सोसायटीचा हिशोब जुळला का वगैरे काही नाही, थेट "अगं, ते लिबलिबीत हलणं बंद झालंय, कॉम्प्युटर आजारी आहे का?"

मीच बंद केलंय. रविवारी. व्हीएनसीवरून, म्हणजे लांबचा कॉम्प्युटर इथे बसून बघायच्या-चालवायच्या प्रोग्रामवरून, त्यांच्या स्क्रीनवर मेंटेनन्सची शीट नीट करत होते आणि आप्पा तिकडे माऊस धरून बसलेले, मी सेलवर क्लिक करणार तेवढ्यात ते विंडो ओढणार, उगीचच, ती जेलीसारखी डुलणार आणि माझ्याकडे तिचे तुकडे पोचणार, वरचा अर्धा भाग जुन्याच जागी, खालचा भलतीकडे. साधी विंडो सरकवली तर व्हीएनसीला एवढंच कळवता येतं की हा चौकोन उचलून तिथे ठेव, त्याला कॉपीरेक्ट म्हणतात. डुलणाऱ्या विंडोला ती सोय नाही, दर फ्रेमला आकार वेगळा, सगळे पिक्सेल नव्याने पाठवा. 1920 बाय 1080 ची अख्खी फ्रेम कॉम्प्रेस न करता 8 एमबीच्या वर जाते. कॉम्प्रेस केली तरी घरच्या अपलोडचा जीव तो केवढा.

वैतागून इफेक्ट बंद करायचं ऑल्ट-शिफ्ट-एफ12 दाबलं तर माझ्याच लॅपटॉपचे इफेक्ट गेले. मग एसएसएचने, म्हणजे लांबून कमांड द्यायच्या वाटेने, आत शिरून क्यूडीबस कमांडने तिकडच्या केविनचा (विंडो सांभाळणारा प्रोग्राम) कंपोझिटर, म्हणजे इफेक्ट दाखवणारा भाग, सस्पेंड केला, आणि वर शहाणपणा म्हणून सेटिंगमधली, सुरू होताना चालू करायची टिकपण काढली. दहा मिनिटांत शीट झाली. त्यांना सांगितलं नाही. विचारायचं तर डोक्यातच आलं नाही.

तेच टोचतंय. म्हणजे कॉम्प्युटर त्यांचा, टेबल त्यांचं, आणि मी इतक्या लांबून हात घालून त्यांची गंमत काढून घेतली, का तर मला नीट दिसत नव्हतं. 2006 ला कॉम्पिझ हा असल्याच इफेक्टांचा प्रोग्राम आला तेव्हा मी येईल त्याला डेस्कटॉपचा क्यूब फिरवून दाखवायचे आणि मागून आप्पा, "याचा उपयोग काय?" आता उपयोग विचारणारी मी.

घर मला हल्ली तेवढंच दिसतं, एका चौकोनात, रंग उतरलेलं. वॉलपेपर अजून गावच्या वाड्याचा आहे. तो वाडा... जाऊ दे. मी तिथे असते तर हे झालंच नसतं, असं मघाशी उशीत तोंड खुपसून ठरवत होते. मग आठवलं, तिथे होते तेव्हा तर माऊसलासुद्धा हात लावू द्यायचे नाही मी त्यांना.

शेवटी उठले. त्यांच्या बाजूला स्क्रीन पाठवणाऱ्या एक्सइलेव्हनव्हीएनसीला एक -गॉन ऑप्शन आहे, बघणारा निघून गेला की सांगाल ती कमांड चालवतो. तिथे कंपोझिटर रिझ्यूम टाकलं, जोडल्यावर सस्पेंड करायला -आफ्टरअ‍ॅक्सेप्ट, आणि ती टिक परत लावली. दोनदा जोडून तोडून बघितलं.

आप्पा जागेच होते, मेसेज आला, "आलं परत. तू आलीस की गप्प, गेलीस की नाच सुरू."

बरं. टँकरची दोन बिलं चढवायची राहिलीत, ती उद्या.